डावे हात

१४ जुलै २०२५, सोमवार

दुपारी नयन गावंडे घरी आला. आधी ओळखलंच नाही. मग तो हसला, पुढच्या दोन दातांतली फट दिसली, आणि मी म्हणालो, "तिसरा बाक, खिडकीकडचा." पोरगा पाया पडला. पोरगा कसला, कानाशी केस पिकलेत.

नऊ वर्षं पुण्यात एका कंपनीत होता. कुठल्या दवाखान्याचा, कुठल्या कारखान्याचा संगणक अडला की तिथली माणसं फोन करतात, आणि ही मंडळी बसल्या जागेवरून तो सुरळीत करून देतात. ते काम शिकवायला त्यानं इथं बाभुळगावात, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात वर्ग काढलाय. अठरा जण आहेत. पुण्याहून कंपनीची माणसं सप्टेंबरात पाहायला येणार. पसंत पडलं तर यवतमाळात बारा खुर्च्यांची कचेरी उघडणार.

"सर, पोरं हुशार आहे, पण फोन कानाले लावला का हातपाय गळते त्यायचे. तुम्ही बोलणं शिकवा, धीर द्या. मशीनचं मी पाहतो."

"अरे, मला टीव्हीचा रिमोट धड येत नाही."

"म्हणून तर तुम्ही पाहिजे. ज्यायचा फोन येते, त्यायलेही येत नाही."

आतून हिचा आवाज आला, "ने बाप्पा, ने! तेरा वर्षं झाले रिटायर होऊन, भिंतीले कविता म्हणून दाखवून राह्यले. भिंत राजीनामा देऊन राह्यली आता."

हो म्हणालो. आताच कपाटातून जुना पांढरा सदरा काढून ठेवला. कॉलर विरली आहे. चालेल.

२१ जुलै, सोमवार

तेरा वर्षांनी वर्गात पाय टाकला. पंख्याच्या पात्यांना अजून कापसाची पुंजकी चिकटलेली आहेत. पंखा सुरू केला की एखादं सुटतं आणि उगाच तरंगत खाली येतं. फळा नाही, पांढरा बोर्ड आहे. खडू नाही. हाताला काही लागत नाही तोवर शिकवल्यासारखं वाटत नाही.

घसे मोकळे व्हावेत म्हणून आठवीच्या पुस्तकातली पहिली कविता म्हणून घेतली. सगळ्यांना येत होती. पहिली कविता सगळ्यांनाच येते. अठरा गळे एका चालीत लागले तेव्हा दारातून जाणारा शेंगदाणेवालासुद्धा क्षणभर थांबला.

पिंटू भोयर म्हणून एक आहे, प्रश्न पुरा व्हायच्या आत याचं उत्तर तयार. डोळ्यांत चमक. अशा एका मुलासाठी पन्नास मुलांचा वर्ग सांभाळावासा वाटायचा.

पुष्पा आडे तांड्यावरून येते, सकाळच्या एसटीनं. वय सत्तावीस, मुलगी चौथीत. हिची मला काळजी वाटते. दर पाच मिनिटांनी हात वर: "गुरुजी, हे मले नाही समजलं." बाकीचे सर म्हणतात, ही एकटी गुरुजी. वही घेऊन बसते, आणि आलेलं लिहायचं सोडून न आलेलंच लिहून काढते.

३० जुलै, बुधवार

प्रत्येक फोनला यांच्यात 'तिकीट' म्हणतात. कोणी फोन केला, काय अडलं, काय केलं, हे लिहायचं आणि काम झालं की तिकीट बंद. फोनवर कसं बोलायचं हे लक्षात राहावं म्हणून मी चार ओळी जुळवल्या:

आधी नाव, मग गाव, मग विचारा दुखणे,
ऐकून घ्यावे शेवटवर, मध्येच नाही टोकणे.
घाबरलेल्या माणसाला आधी द्यावा धीर,
आवाज ठेवा असा जसे माठामधले नीर.

पोरांनी चाल लावून म्हटली. नयन दारात उभा राहून ऐकत होता. नंतर म्हणाला, "छान आहे सर." जरा थांबून म्हणाला, "उत्तर नाही आलं तर काय करावं, ते पण टाकता येईन का त्यात?"

मी म्हणालो, "अरे, आपण शिकवतोय कशासाठी? येईलच."

तो पोरांकडे वळला. हल्ली फार थकलेला दिसतो.

२ ऑगस्ट, शनिवार

पिंटू आणि दोघेतिघे वर्ग सुरू व्हायच्या आधी पुष्पाच्या बाकाशी घोळका करून असतात. आज मी पिंटूला बाजूला घेऊन म्हणालो, "तुला देवानं बुद्धी दिली आहे. तिच्या वहीत काय डोकावतोस? ती बिचारी आधीच मागं आहे." तो लाजला. माझ्या लेखी तेवढं पुरे.

सुटल्यावर पुष्पा थांबली.

"गुरुजी, आठवीच्या पुस्तकातली शेवटची कविता कोणती होती?"

"का गं?"

"मी तुमच्याच वर्गात होती. आठवीत. दिवाळीपर्यंत."

मला आठवली नाही. तांड्यावरची मुलं दिवाळीपर्यंतच असायची. मग घरचे ऊसतोडीला निघायचे, पश्चिमेकडे, आणि बाक रिकामे व्हायचे ते थेट होळीपर्यंत. मी हजेरीपटावर लांब रेघ ओढायचो. किती रेघा ओढल्या, कोण मोजतं. पुस्तकाच्या पहिल्या कविता या मुलांना तोंडपाठ, शेवटच्या ठाऊकच नाहीत.

पुष्पा सांगत होती. तोडीला जोडी लागते, नवरा-बायको मिळून एक कोयता. यवतमाळात खुर्ची मिळाली तर राजकुमार, म्हणजे तिचा नवरा, भावासोबत जोडी करणार आणि पोरगी सोनू वर्षभर एका शाळेत बसणार. नाही मिळाली तर दसऱ्यानंतर तिघंही गाडीत.

"सोनूले चौथीतली शेवटची कविता यावी, येवढंच हाय गुरुजी."

मी कविता म्हणायला लागलो, तेवढ्यात तिची बस आली. अर्ध्यातूनच पळाली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. वर्गाला सुटी. ढोलाचा आवाज ऐकत ओट्यावर बसलो. गुडघे दुखतात. यंदा गल्लीत बैलजोड्या चारच आल्या. हिनं ट्रॅक्टरलासुद्धा ओवाळलं.

३० ऑगस्ट, शनिवार

नऊ तारखेला कंपनीच्या बाई येणार. नयन कागद पसरून बसला होता.

"सहाच पक्के आहे, सर. बाकीचे अंदाजे बोलून राह्यले. तारीख पुढं ढकला म्हणून सांगतो मी त्यायले."

मी म्हणालो, "ढकलली की गेली. मी चौतीस तपासण्या पाहिल्यात." आणि त्याला आमची जुनी युक्ती सांगितली. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्या वर्गानं हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, नसेल त्यानं डावा. मास्तरानं उजव्यालाच उठवायचं. साहेबाला काय दिसतं? हातांचं रान.

नयन हसला. "माहीत आहे सर. मी दहावीपर्यंत डावाच होतो. एकदाही उठवलं नाही तुम्ही."

"बघ, तरी काही अडलं का तुझं?"

"पुण्याले पहिले दोन वर्षं लय अडलं," म्हणाला आणि कागद गोळा करायला लागला.

शेवटी तयार झाला. वर्गात समजावून सांगितलं, पोरं खूष. पुष्पानं विचारलं, "गुरुजी, थोडंसंच येत असीन तर कोणता हात?"

"पक्कं येत असेल तरच उजवा."

तिनं तेही वहीत लिहिलं.

घरी सांगितलं तर ही भाकरी थापता थापता म्हणाली, "जन्मभर लेकरायले शिकवलं. सोता कधी डावा हात वर केला काय वो मास्तर?"

९ सप्टेंबर, मंगळवार

काय दिवस होता! पुण्याहून सुरभी मॅडम आल्या. चाळिशीच्या आहेत, बोलणं कमी. मागच्या बाकावर बसल्या. प्रश्न त्या विचारायच्या आणि उत्तराला कोणाला उठवायचं ते मी ठरवायचं, असं मीच सुचवलं. त्यांनी अकरा प्रश्न विचारले. अकराही वेळा अठरा हात वर. मी उजव्या हातांच्या बागेतून एकेक फूल काढावं तसा एकेकाला उठवत गेलो. पिंटू तर रंगात आला होता. एका प्रश्नावर जरा घसरल्यासारखा वाटला, पण इतक्या ठामपणे बोलला की मलाच खरं वाटलं.

पुष्पाचा हात अकरापैकी नऊ वेळा डावा.

बाई जाताना म्हणाल्या, "सगळ्यांना सगळं येतं, असा वर्ग मी पहिल्यांदा पाहिला." मी हात जोडले. नयन बोर्ड पुसत होता. पुसलेलाच पुसत होता.

११ सप्टेंबर, गुरुवार

कंपनीनं होकार कळवला. सोमवारपासून यवतमाळात बारा जण महिनाभर खऱ्या फोनवर, मग पक्कं. नावं आम्हीच द्यायची. नयन म्हणाला, "पुष्पाताईले घ्या, सर." मी म्हणालो, माया वेगळी, न्याय वेगळा. त्या दिवसाचे उजवे हात मी टिपून ठेवले होते, त्यानुसार यादी केली. पुष्पा शेवटी. तिचा नंबर बारात बसला असता तर मला आनंदच होता. पण चौतीस वर्षं मी पेपर तपासताना नाव पाहिलं नाही, आता म्हातारपणी कशाला?

यादी वाचली. ती उठून उभी राहिली.

"बाकीच्यायले अर्धं येत होतं तरी त्यायनं उजवा केला गुरुजी. तुम्ही म्हणाले होते, पक्कं असीन तरच."

"तू बरोबरच केलंस," मी म्हणालो.

खरंच बरोबर केलं होतं तिनं. मग यादीत ती नाही हे कसं, हा विचार एसटी स्टँडपर्यंत माझ्यासोबत चालत आला. तिथं बाभुळकरांचा मारोती भेटला, गप्पा निघाल्या, आणि राहिलं ते.

तिनं वही बाकावरच ठेवली. पिंटूनं उचलली.

२४ सप्टेंबर, बुधवार

नयनचा फोन आला. आवाज बसलेला.

रक्त-लघवी तपासणाऱ्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून फोन आला होता, की रिपोर्ट उघडत नाहीत. पिंटूनं घेतला. नाव, गाव, दुखणं, धीर, सगळं माझ्या कवितेबरहुकूम. आणि त्याला त्या बिघाडाचं काही माहीत नव्हतं. तरी ठाम आवाजात सांगितलं, जुनं सगळं पुसा आणि नव्यानं सुरू करा. त्यांनी पुसलं. दोन दिवसांचे रिपोर्ट गेले. एकेचाळीस माणसांना पुन्हा बोलावून पुन्हा सुई टोचली. त्यात एक बाळंतीण होती म्हणे.

मी म्हणालो, "त्याला येत नव्हतं तर सांगायचं ना."

नयन म्हणाला, "कधी शिकवलं सर आपण ते?"

जेवलो नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. पोरं सोनं द्यायला आली नाहीत. फोनचं काम थांबवलंय. सुरभी मॅडम शनिवारी येऊन कचेरी ठेवायची की मोडायची ते सांगणार.

माझ्या चार ओळींना पाचवी जोडायला बसलो होतो, येत नसेल तर काय म्हणावं त्याची. शेकड्यांनी कविता पाठ आहेत. पण 'मला माहीत नाही' ही ओळ कुठल्याच चालीत बसेना.

४ ऑक्टोबर, शनिवार

बाई आल्या. तोच वर्ग, तीच पोरं, माना खाली. एक बाक रिकामा.

त्यांनी मलाच विचारलं, "सर, त्या दिवशी अठराच्या अठरा हात वर कसे होते?"

चौतीस तपासण्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. नयन तोंड उघडायला लागला, मी हातानं थांबवलं आणि उजव्या-डाव्याची गोष्ट सांगितली. सांगताना घरातल्या गमतीसारखी सुरू झाली आणि शेवटाला येईपर्यंत गंमत उरली नाही. बसलो.

बाई म्हणाल्या, "आमच्या कामात शंभरातल्या साठ फोनांचं उत्तर पहिल्या माणसाला येत नाही. त्यानं तसं सांगायचं, लिहायचं आणि वरच्याकडे पाठवायचं. त्यासाठीच वरचा असतो. एवढंच मी पाहायला आले होते."

तेव्हा पिंटू उठला. पिशवीतून वही काढली. म्हणाला, "मॅडम, हे पुष्पाताईची हाय. आमाले जे काही येते ते यातूनच येते. सरांनी नको म्हणलं होतं, तरी आम्ही पाहत जाऊ."

बाई वही चाळत राहिल्या. मीही वाकून पाहिलं. अक्षर आठवीतल्या मुलीसारखं गोल. काय समजलं नाही, कोणत्या तारखेला, कोणाला विचारलं, काय उत्तर मिळालं, खरं करून पाहिलं का. जिथं उत्तर मिळालं नाही तिथं लिहिलं होतं, 'अजून बाकी.' एका पानावर: 'आठवीची शेवटची कविता. गुरुजींना विचारलं. अर्धी मिळाली. अजून बाकी.'

"ही कोणत्या खुर्चीवर बसते?" बाईंनी विचारलं.

नयननं रिकाम्या बाकाकडे बोट केलं. पंख्यावरून कापसाचं एक पुंजकं सुटून वहीवर पडलं.

बाईंनी सहाच खुर्च्या ठेवल्या. पाच जणांना आणखी दोन महिने शिकवायचं. सहावी या वहीवालीची, तेरा तारखेपर्यंत हजर झाली तर. पिंटू सहांत नाही. तो रडला नाही. माझ्याकडे पाहत राहिला, ते जास्त वाईट होतं.

मी ऑटो करून तांड्यावर गेलतो. (बघा, मीही या पोरांसारखंच लिहायला लागलो.) पुष्पाच्या दाराला कुलूप. ओट्यावर तिचा सासरा सेवादास खाटेवर बसलेला.

"सकाळीच गेली गाडी मास्तर. तुमी आता येऊन राह्यले?"

"फोन लागत नाही तिचा."

"गाडीत कायले लागन? माणसावर माणूस बसलं हाय." मग म्हणाला, "काही काम होतं काय?"

काय सांगू? खुर्ची आहे म्हणालो. त्यानं आपल्या खाटेचा कोपरा झटकला आणि मला बसायला जागा केली.

८ ऑक्टोबर, बुधवार

चार दिवस फोन लावत होतो. आज संध्याकाळी लागला. वारा आणि माणसांचा गलका.

"पुष्पा, मी बोलतोय. सर. गुरुजी."

"बोला गुरुजी. तब्येत बरी हाय ना?"

सगळं सांगितलं. वही, बाई, सहा खुर्च्या, तेरा तारीख. माझी चूक झाली म्हणालो. सत्तर वर्षांत हे वाक्य किती वेळा म्हटलं असेन कोण जाणे, तोंडाला सवय नव्हती. आणि लगेच विषय बदलला.

"सोनू कुठं आहे?"

"इथंच. बापासंगं राहाची कोपी बांधून राह्यली, उसाच्या पाचटाची."

"येशील का गं?"

"मले माहीत नाही गुरुजी," ती म्हणाली. आवाज माठातल्या पाण्यासारखा थंड, ना राग, ना घाई. "जोडी मोडली तर मुकादम काय म्हणीन, ते इचारा लागीन. यायचा भाऊ गावात रिकामा बसून हाय, तो येते का ते पाहा लागीन. इथून एसटी कुठून भेटते, तेही माहीत नाही. सगळं इचारून सांगीन. रविवारच्या आत सांगीन."

तारीखसुद्धा दिली. मी शोधत होतो ती ओळ ही होती. चाल नव्हती तिला, लागतही नव्हती.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, "गुरुजी, ते शेवटची कविता?"

मी म्हणायला लागलो. दुसऱ्या कडव्याशी अडकलो. चौतीस वर्षं शिकवलेली कविता, आणि पुढची ओळ येईना. पूर्वीचा मी असतो तर काहीतरी जुळवून पुढे गेलो असतो.

म्हणालो, "आठवत नाही गं. पुस्तक काढून पाहतो."

"बरं," ती म्हणाली. "लिहून ठेवतो मी. अजून बाकी."

११ ऑक्टोबर, शनिवार

माळ्यावरच्या पेटीतून आठवीचं पुस्तक निघालं. शेवटची पानं कोरी करकरीत, कोणाचं बोट लागलेलं नाही. कविता दोनदा लिहून काढली, एक पुष्पाला, एक सोनूला.

नयनचा दुपारी फोन: काही कळलं का? नाही कळलं. संध्याकाळी पिंटू सायकल दाराशी लावून आला, तेच विचारून गेला. गेला म्हणजे बसला, चहा घेतला, मग गेला.

दिवे लागल्यावर ही ओट्यावर येऊन शेजारी बसली. फोन आमच्या दोघांच्या मध्ये.

"येईन काय वो ती?"

मी डावा हात वर केला.

हिनं माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. हात खाली घेतला माझा आणि तसाच धरून बसली.